तंबोरा लागला, मशीन लागेना

लश्करचा पुतण्या | रविवार, दुपारी १:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जातो, आज मदत मागायला आलोय. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

ग्वाल्हेरला लश्करात आमचा जुना वाडा आहे. आता त्यात तीनच माणसं उरली: आई, मी आणि काका. काका ८२ वर्षांचे. तरुणपणी माधव संगीत महाविद्यालयात शिकले (१९१८ साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मदतीने काढलं तेच), पुढे आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केली आणि गाणं घरातच राहिलं. त्यांच्याकडचे काही टप्पे (भरभर तानांचा गायनप्रकार) आणि दोन अष्टपद्या (जयदेवाच्या गीतगोविंदातली पदं) घरात दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. मला तर नाहीच, मी गळ्याने नापास. पुण्याचा चुलतभाऊ दर फोनला एकच टुमणं लावतो, "बाबांचं नीट रेकॉर्ड कर रे, मोबाईलवर नको."

म्हणून एका मित्राकडून दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारी डबी) सेकंडहँड घेतला. आमच्याकडे दुकानदार त्याला साउंड कार्डच म्हणतात. दोन कंडेन्सर माइक आणि स्टँड एका ओळखीच्यांकडून उसने आणले. कॉम्प्युटर घरचा, असेंबल केलेला, विंडोज ११.

काकांचा गळा सकाळी ९ ते ११ चालतो. नंतर शेजारच्यांची पाण्याची मोटर सुरू होते आणि गल्लीत माल उतरवणारे येतात. आज ते आंघोळ करून, इस्त्रीचा कुडता घालून ९ वाजता बैठकीत हजर. गवसणी काढली, तंबोरा पुसला, आणि चांगली वीस मिनिटं लावत बसले. तेवढा वेळ मी टेबलाखाली, केबल काढ, केबल घाल. शेवटी वरून आवाज आला, "माझा लागला. तुझं लागलं?"

म्हटलं, "काका, दिवा लागलाय."

"दिवा देवघरातही लागतो."

तर परिस्थिती अशी: इंटरफेसचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून टाकला. पोर्ट बदलून पाहिले. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. काही नाही. पुढच्या रविवारपर्यंत मुदत मिळाली आहे. काय करू?


अर्धा इंजिनिअर | रविवार, दुपारी १:३२

विंडोज फॉरमॅट मारा. नवं टाकल्यावर सगळं चालतं. माझा अनुभव आहे.


सोल्डरगन | रविवार, दुपारी २:०५

फॉरमॅट अजिबात मारू नका. दात दुखतोय म्हणून कवळी बसवण्यातला प्रकार आहे हा.

पुतण्याभाऊ, आधी एक गोष्ट वेगळी करू. "मशीन दिसत नाही" हे एक दुखणं आणि "मशीन दिसतं पण आवाज येत नाही" हे दुसरं. लोक दोन्हीला "कनेक्ट होत नाही" म्हणतात आणि मग चार दिवस चुकीच्या खोलीत किल्ली शोधतात. तुमचं सध्या पहिलं दिसतंय. तेव्हा माइक, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, सॅम्पल रेट वगैरेंना हातही लावू नका. माइक तर काढूनच ठेवा.

मला एवढंच सांगा:

प्लग घातल्यावर विंडोजचा तो "टुडुंग" आवाज येतो का?

डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवा, प्लग काढा-घाला. यादी क्षणभर हलते का? कुठे पिवळा त्रिकोण, किंवा "अननोन यूएसबी डिव्हाइस" असं काही येतं का?

आणि केबल कुठली? इंटरफेसबरोबर आलेली की दुसरी?


लश्करचा पुतण्या | रविवार, दुपारी ३:२०

टुडुंग नाही. यादी हलत नाही. पिवळं, अननोन, काहीच नाही. जणू काही लावलंच नाही.

केबल मित्राने दिली नव्हती, त्याची हरवली. घरातलीच टाइप सी लावली आहे. पण ती चांगली आहे, याच केबलने माझा फोन रात्रभर चार्ज होतो.


सोल्डरगन | रविवार, दुपारी ३:२८

हेच ऐकायचं होतं.

फोन चार्ज होतो यावरून केबलमधल्या फक्त दोन तारा शाबूत आहेत एवढंच कळतं. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा लागतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी बोलणं करतात. ट्रिमर, हातातला पंखा, बॅटरी, कानातले हेडफोन, असल्या वस्तूंबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा बोलणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. पैसे वाचतात ना. बाहेरून ओळखू येत नाही. दिवा लागणार, कारण वीज पोचते. पण कॉम्प्युटरला पत्ताच नाही की पलीकडे कोणी आहे. त्रिकोणसुद्धा येत नाही, कारण तक्रार करायला आधी ओळख तरी व्हायला हवी.

खात्री करायची तर त्याच केबलने फोन कॉम्प्युटरला जोडा. फोनवर "फाइल ट्रान्सफर" असा पर्याय आला आणि कॉम्प्युटरवर फोटो दिसले तर केबल निर्दोष. नुसताच चार्ज होत राहिला तर केबल कचऱ्यात.


इंदुरी जिरावण | रविवार, दुपारी ४:११

आमच्या घरी एक खण आहे. त्यात सतरा केबल आहेत. बायको म्हणते टाकून द्या, मी म्हणतो कधीतरी लागतील. आता कळलं, त्यातल्या निम्म्या मुक्या असणार.

पुतण्याभाऊ, फोटोवाली परीक्षा करा आणि निकाल इथे टाका. मी पण खण घेऊन बसतोय.


लश्करचा पुतण्या | सोमवार, रात्री ८:४५

निकाल: फोन नुसता चार्ज झाला. फोटोबिटो काही नाही.

मग राहवेना, ब्लेड घेऊन केबल मधोमध सोलली. वरचं काळं रबर निघालं, आत लाल तार, काळी तार, आणि उरलेल्या जागेत दोरा. शिवणकामाचा असतो तसला पांढरा दोरा! हिरवी नाही, पांढरी म्हणजे तो दोराच. आईने विचारलं काय करतोयस, तिला दाखवलं, तर म्हणाली ही केबल तिच्या टेबलावरच्या छोट्या पंख्याची आहे आणि आता तो कशाने चार्ज करायचा.

संध्याकाळी महाराज बाड्यावर जाऊन नवी केबल आणली. दुकानदाराला म्हटलं डेटावाली पाहिजे, त्याने लॅपटॉपला लावून समोर फोटो दाखवले, मगच पैसे दिले. घरी येऊन लावली आणि टुडुंग! काकांनी आतून विचारलं, "लागलं?" म्हटलं "लागलं."

आनंद दहा मिनिटं टिकला. पिवळा त्रिकोण आला. ड्रायव्हर काढून परत टाकला, त्याने "रिस्टार्ट करा" म्हटलं, मी बंद करून चालू केला, त्रिकोण तसाच.


सोल्डरगन | सोमवार, रात्री ९:०२

पंख्याच्या दोऱ्याबद्दल अभिनंदन. दोरा खरं म्हणजे ताण सोसायला घालतात, पण तुमच्यात तो एकटाच भरणीला दिसतोय.

आता लक्ष द्या. "बंद करून चालू" आणि "रिस्टार्ट" या विंडोजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमक्या आपल्या समजुतीच्या उलट. "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर शटडाउनला विंडोज आपला गाभा पूर्ण मिटवत नाही. तो डिस्कवर तसाच लिहून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. जुने ड्रायव्हर त्यात तसेच झोपलेले असतात. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून. तेव्हा इंटरफेस काढा, ड्रायव्हर टाका, मेनूतून रिस्टार्टच करा, मग प्लग घाला.


लश्करचा पुतण्या | सोमवार, रात्री ९:३०

गेला त्रिकोण! नाव दिसायला लागलं. इतकी वर्षं मी "नीट बंद करून चालू करतो" म्हणून स्वतःला शहाणा समजत होतो.


अर्धा इंजिनिअर | सोमवार, रात्री ९:४१

फॉरमॅटने हे पण झालं असतं.


इंदुरी जिरावण | सोमवार, रात्री ९:४४

भूकंपाने पण कपाट रिकामं होतं.


लश्करचा पुतण्या | मंगळवार, रात्री ९:१५

नवीन भानगड. आज दोन्ही माइक लावले. अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण (माइकला वीज देणारं) दाबलं की मशीन गायब. टुडुंग उलट्या सुरात वाजतं, दिवे विझतात, दोन सेकंदांनी परत लागतात, परत टुडुंग, परत गायब. बटण बंद ठेवलं तर मशीन शांत बसून राहतं, पण मग माइक मुके. एकच माइक लावला तर कधी टिकतं, कधी नाही. प्लग समोरच्या पोर्टमध्ये आहे, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला. मागे हात जात नाही, कपाट आहे.


निवृत्त ध्वनिमुद्रिका | मंगळवार, रात्री १०:०५

कपाट सरकवा.

वीज पुरत नाहीये. यूएसबी २ चं पोर्ट ठरलेल्या मापाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. इंटरफेसला स्वतःला त्यातलं बरंच लागतं. त्यात फँटम, म्हणजे माइकला द्यायची ती ४८ व्होल्टची वीज, म्हणजे ५ व्होल्टचे ४८ करायचे. एका माइकने जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर घ्यावेत असा नियम आहे. ४८ व्होल्टला १० म्हणजे जवळपास अर्धा वॉट, आणि तोच अर्धा वॉट ५ व्होल्टच्या बाजूने काढायचा तर १०० मिलिअँपिअर. चढवताना होणारी नासाडी वेगळी. दोन माइक म्हणजे हिशेब दुप्पट. तुमच्या काकांना हा हिशेब लगेच पटेल, त्यांचंच खातं.

समोरचं पोर्ट मदरबोर्डवर नसतं, आतून एक बारीक वायर येऊन तिथे पोचते. वाटेत व्होल्टेज पडतं. कागदावर ५००, हातात कमी. बटण दाबल्या दाबल्या एकदम ओढ बसते, इंटरफेस कोलमडतो, परत उठतो, परत ओढ. तुम्ही वर्णन केलंत ते अगदी तेच.

मागच्या बाजूला मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये थेट लावा, शक्यतो निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या. वेगासाठी नव्हे हं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल म्हणजे तासाला जेमतेम १ जीबी होतं, एवढं यूएसबी २ झोपेत वाहून नेईल. निळं हवंय ते विजेसाठी. मध्ये विनावीज हब नको. एक्स्टेन्शन नको.

आणि सवय म्हणून सांगते, बटण दाबण्याआधी गेन (माइकचा आवाज वाढवायची खुंटी) शून्यावर, हेडफोन कानातून बाहेर. माइक आधी जोडायचा, फँटम नंतर. काढताना उलटं. आमच्या स्टुडिओत नवीन पोरांना पहिला आठवडा फक्त हेच शिकवायचे.


पेटीमास्तर | मंगळवार, रात्री १०:५०

ताई बोलल्या म्हणजे प्रश्न सुटला. मी बडोद्याहून फक्त एक धोक्याची पाटी लावून जातो.

मशीन लागलं की सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) सगळीकडे एकच आहे ना बघा. इंटरफेसच्या पॅनलमध्ये, विंडोजमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये. मी एकदा ४४.१ किलोहर्ट्झवर घेतलेलं गाणं ४८ चं समजून वाजवलं गेलं. वेग नऊ टक्क्यांनी वाढला आणि स्वर जवळजवळ दीड घर वर. पांढरी एक या पट्टीत गायलेल्या बाई काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध कुठेतरी लटकत होत्या. पेटीवर तो स्वरच नाही! अर्धा तास मी माझी पेटी बिघडली समजून पट्ट्या तपासत बसलो.

टप्पे म्हणालात म्हणून विशेष आनंद झाला. ग्वाल्हेरवाल्यांनी टप्पा सांभाळला नसता तर आज ऐकायला कुठे जायचं होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, पण उगम तो उगम. रेकॉर्डिंग झालं की कळवा.


लश्करचा पुतण्या | बुधवार, रात्री १०:२०

कपाट सरकवलं. मागे १९९० च्या दशकातला एक कॅरमचा स्ट्रायकर सापडला.

मागचं निळं पोर्ट, दोन्ही माइक, बटण दाबलं, मशीन ढिम्म. वा! तासभर चालू ठेवलं, एकदाही गेलं नाही. ताई, काकांना हिशेब वाचून दाखवला. म्हणाले, "बाईंची बेरीज बरोबर आहे."

पण आता आवाज येत नाही. (हसू नका.) इंटरफेसवरचे हिरवे दिवे मी बोलतो तसे लुकलुकतात, म्हणजे माइक चालू. हेडफोनमध्ये माझा आवाज येतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सरळ रेघ. रीपर आहे, डिव्हाइसच्या जागी विंडोजचाच पर्याय निवडलाय, कारण दुसऱ्यात काय निवडायचं ते कळेना.


सोल्डरगन | बुधवार, रात्री १०:३५

हसत नाही, उलट खूश आहे. आता तुम्ही दुसऱ्या दुखण्यावर आलात. दिवे लुकलुकतात म्हणजे इंटरफेसपर्यंत सगळं ठीक. हेडफोनमध्ये येतं ते इंटरफेसच्या आतूनच, कॉम्प्युटरचा त्यात संबंध नाही. गळती पुढे आहे.

विंडोजच्या वाटेने आवाज घेताय तर सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", त्यात "मायक्रोफोन". वरचं बटण चालू हवं, आणि अगदी खाली "डेस्कटॉप ॲप्स"साठी वेगळं बटण असतं तेही. ते बंद असेल तर विंडोज सॉफ्टवेअरला नाही म्हणत नाही, नुसती शांतता पाठवतं. भल्या घरची सून जशी तोंडावर काही बोलत नाही तशी.

ते झालं की रीपरमध्ये डिव्हाइस बदलून "एएसआयओ" (विंडोजला वगळून थेट इंटरफेसशी बोलायची वाट) करा आणि त्यात तुमच्या इंटरफेसचं नाव निवडा. ड्रायव्हर टाकलाय तर ते दिसेलच. त्यात तुमचं काम जास्त सुखाचं होईल.


नवखी आलाप | बुधवार, रात्री ११:१०

सोल्डरगन, सुनेचं उदाहरण मागे घ्या. बाकी माहिती उत्तम.


सोल्डरगन | बुधवार, रात्री ११:१२

घेतलं. जावई म्हणा.


लश्करचा पुतण्या | गुरुवार, सकाळी ११:४०

डेस्कटॉप ॲप्सचं बटण बंदच होतं. कोणी केलं माहीत नाही, बहुधा मीच, कधीतरी "सगळं बंद करा" असला लेख वाचून. चालू केलं, रेघ हलली. मग एएसआयओ केलं.

आज सकाळी काकांना विनवून पाच मिनिटं गाऊन घेतलं. दोन गोष्टी झाल्या.

एक. टप्प्याच्या तानेत मध्येच टिक्, टिक् असा आवाज. संथ आलापात कमी, तानेत स्पष्ट.

दोन. ही जास्त विचित्र आहे. काका पांढरी एकमध्ये गातात. रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकवलं, तर भुवया चढवून म्हणाले, "हा कोण पंचम धरून बसलाय? आणि चढा धरलाय." मला काहीच ऐकू येईना. मग त्यांनी तंबोरा परत तपासला, लागलेलाच होता. परत ऐकलं, परत तेच. "तुझ्या मशीनचा पंचम चढा आहे." आवाज मोठा करून ऐकल्यावर मला एक बारीक भुणभुण जाणवली, गाणं थांबल्यावर मागे राहणारी.

आणि हो, कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला की मुंग्या येतात. त्या नेहमीच येतात, म्हणून आधी सांगितलं नव्हतं.


निवृत्त ध्वनिमुद्रिका | गुरुवार, दुपारी १२:३०

तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. आणि कागद-पेन्सिल घ्या.

पांढरी एकचा षड्ज साधारण १३० हर्ट्झ. त्याखालचा मंद्र पंचम, म्हणजे तंबोऱ्याची पहिली तार, ९८ हर्ट्झच्या आसपास. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, आणि तिची भुणभुण ५० बरोबरच तिच्या दुपटीला, १०० लाही येते. ९८ च्या शेजारी १००. पंचमच, पण एका घराच्या तिसऱ्या हिश्शाइतका चढा! तंबोऱ्याच्या पंचमाशी तो सेकंदाला दोन हेलकावे देत घासत असणार. काका काळी एकमध्ये गाणारे असते तर नुसती "घरघर आहे" म्हणाले असते. पांढरी एक असल्यामुळे त्यांना तो स्वर म्हणून ऐकू आला. तीस वर्षांत ही तक्रार माझ्याकडे या शब्दांत कुणीही आणली नव्हती.

कारण तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. मुंग्या येतात म्हणजे कॅबिनेटला अर्थिंग नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांची एक वाट पत्र्याकडे जाते. अर्थ असेल तर तो गळका प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी म्हणून नुसत्या मुंग्या. पण तोच यूएसबीच्या वाटेने इंटरफेसमध्ये शिरतो आणि पंचम धरून बसतो.

जुन्या वाड्यात सॉकेट तीन छिद्रांचं बसवलेलं असतं, पण वरच्या छिद्रामागे तार असतेच असं नाही. वायरमनला बोलवा.


अर्धा इंजिनिअर | गुरुवार, दुपारी १२:५१

अर्थची पिनच काढून टाका ना प्लगची. भुणभुण जाते. खूप जण करतात.


निवृत्त ध्वनिमुद्रिका | गुरुवार, दुपारी १२:५५

हे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी मोठ्या आवाजात: असलं करू नका. ती पिन माणूस वाचवायला असते. आत काही सुटून पत्र्याला लागलं तर मुंग्यांवर भागणार नाही, आणि समोर ८२ वर्षांचे गृहस्थ माइकच्या दांड्याला हात लावून बसलेले असतील. शिवाय इथे अर्थ आधीच नाहीये, काढणार काय?


सोल्डरगन | गुरुवार, दुपारी १:२०

ताईंना दुजोरा. टिक्-टिकचं मी सांगतो. बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) फार लहान ठेवलाय तुम्ही, ६४ किंवा १२८ असेल. कॉम्प्युटरला दर वेळी वेळेत घास भरवता येत नाही आणि एखादा घास चुकतो. चुकतो सगळीकडेच, टप्प्याची तान दाणेदार म्हणून तिथे खडा लागल्यासारखा कळतो.

तुम्हाला लहान बफर लागतच नाही. काका हेडफोन घालून गात नाहीत ना? ५१२ किंवा १०२४ ठेवा. घालत असतील तरी आवाज इंटरफेसवरूनच थेट द्या, "डायरेक्ट मॉनिटर"चं बटण असतं, म्हणजे उशीर नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा, वाय-फाय त्या तासापुरता बंद ठेवा.


लश्करचा पुतण्या | शुक्रवार, रात्री ९:०५

बफर ५१२, टिक् गेली.

वायरमन येऊन गेला. बोर्ड उघडला तर हिरवी तार होती, अगदी व्यवस्थित सोललेली, आणि कशालाच न जोडता भिंतीत दुमडून ठेवलेली. मुख्य बोर्डापर्यंत तपासली. अंगणात तांब्याची पट्टी पुरलेली आहे, तिथला नटही गंजून सुटलेला. त्याने तो बदलला, खड्ड्यात पाणी ओतलं, तार जोडली, बल्ब लावून दाखवला. मग मी कॅबिनेटला उलटा हात लावला. काही नाही. आईने पण लावून पाहिला. तिने फ्रिजलाही लावून पाहिला आणि म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं माझंच रक्त कमी आहे."

काकांना रिकामं रेकॉर्डिंग ऐकवलं, नुसती खोली. डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. म्हणाले, "गेला. आता घड्याळ ऐकू येतंय, ते काढ."


पेटीमास्तर | शुक्रवार, रात्री ९:४०

हा धागा मी छापून माझ्या विद्यार्थ्यांना देणार आहे. घड्याळाचा ठेका कुठला होता विचारा.


इंदुरी जिरावण | शनिवार, सकाळी ८:१५

खणाचा निकाल: सतरापैकी नऊ मुक्या. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, टाक. मी आठ ठेवल्या आहेत. (नऊपैकी.)

उद्यासाठी शुभेच्छा. गाणं झालं की काकांना आमच्याकडून पोहे-जिलबी.


लश्करचा पुतण्या | रविवार, दुपारी २:३०

झालं.

९ वाजता काका तोच कुडता घालून आले. एक माइक त्यांच्यासमोर हातभर अंतरावर, दुसरा तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे. या वेळी मी आधी मशीन लावलं, गेन शून्य, फँटम, मग गेन, आणि काका बसायच्या आधीच लाल बटण दाबून ठेवलं, न जाणो ऐन वेळी काही बिघडलं तर. घड्याळ स्वयंपाकघरात. आईला कुकर लावायची बंदी.

एक तास सतरा मिनिटं. दोन्ही अष्टपद्या, चार टप्पे, एक तराणा. एका टप्प्यात मध्येच थांबले, "हे असं नाही," म्हणून पहिल्यापासून परत घेतला. मोटर सुरू झाली तेव्हा ते तंबोरा गवसणीत घालत होते.

फाइल पुण्याला पाठवली. चुलतभावाचा तासाभराने फोन आला, आवाज जरा ओला होता. म्हणाला, फार छान आलंय, फक्त सुरुवातीची एकोणीस मिनिटं काप, त्यात बाबा नुसते तंबोरा लावतायत. फोन स्पीकरवर होता. काका पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "तेवढं ठेव. बाकीचं कापलंस तरी चालेल."

काहीच कापलेलं नाही. इथे टाकायला मात्र त्यांनी परवानगी दिली नाही, तेवढं माफ करा. आणि आईच्या पंख्याला नवी केबल घेतली, डेटावाली.